दहावा फोटो

रविवारी सकाळी साडेदहाला सगळे वरच्या खोलीत जमले ते आईंच्या खुब्याचा विचार करायला. निदान निरोप तरी तसाच होता. पण थोरली चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि बोलणं कात्रीने कापल्यासारखं थांबलं, तेव्हाच तिला कळलं की खुबा कधीच मागे पडलाय. सगळ्यांनी एकदम चहाकडे बघितलं. तिच्या चहाचं एवढं कौतुक या घराला लग्नानंतरच्या एकोणतीस वर्षांत वाटलं नव्हतं.

"झालं का बोलून?" ट्रे टेकवत तिने विचारलं.

"कशाबद्दल?" तिचा दीर म्हणाला. घरात सगळे त्याला भाऊ म्हणत.

"ते तुम्हीच सांगा, भावजी. काल नळकांडं तुम्हीच उघडलंत."

भाऊचे कान लाल झाले. खालच्या फ्रेमच्या दुकानात गल्ल्याशी तो बसायचा, लाकडाचं काम तिचा नवरा करायचा आणि फोटोभोवतीचे जाड कागदाचे माउंट थोरली कापायची. गावातल्या फोटोवालीकडून फ्रेम करायला येणारं फोटोंचं नळकांडं म्हणून थेट थोरलीच्याच टेबलावर जायचं. पण काल ती आईंना एक्स-रेला घेऊन गेली होती आणि फोटोवालीने माल एक दिवस आधीच पाठवला. भाऊने झाकण काढलं, दहा फोटो उलगडले आणि दहाव्याशी पोचल्यावर मटकन स्टुलावर बसला. तो फोटो त्याने कोणालाही दाखवला नव्हता, हे तो शपथेवर सांगत होता. फक्त बायकोला सांगितलं होतं. बायकोने, म्हणजे धाकटीने, फक्त वन्संना फोन केला होता. आणि वन्सं एका शाळेच्या मुख्याध्यापिका असल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट सगळ्यांना एकत्र बसवल्याशिवाय सांगता येत नसे.

गच्चीच्या वाटणीवरून वन्सं आणि भाऊ ही सख्खी भावंडं दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हती. मधे थोरलीने किती मिनतवाऱ्या केल्या, चिठ्ठ्या पोचवल्या, दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. आज ती दोघं एका सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसली होती. जे तिच्या सगळ्या खटपटीला जमलं नाही, ते तिच्या उघड्या खांद्याने एका रात्रीत करून दाखवलं होतं.

फोटो मधल्या टेबलावर पालथा पडला होता. वर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर पाण्याचा तांब्या. तो उठून पळून जाईल अशी धास्ती असल्यासारखा.

"वहिनी, मी स्पष्ट बोलते," वन्संनी सुरुवात केली.

"तुम्ही अस्पष्ट कधी बोललात, वन्सं?"

"हे बघ, तुला कोणी फसवलंय का? तसं असेल तर सांग. आम्ही आहोत."

"नाही."

"कोणी धमकी वगैरे?" भाऊने विचारलं. "हल्ली मोबाइलवरून काहीही करतात, वहिनी."

"भावजी, तो फोटो कागदावर आहे."

"डॉक्टरांनी काही सांगितलंय का, ताई?" धाकटी कळवळून म्हणाली. "नाही, मी वाचलं होतं, की मोठं दुखणं निघालं की बायका असे फोटो काढून ठेवतात…"

"मला काही झालेलं नाही. साखर घाल तुझ्या चहात, विसरलेय मी."

"मग मला तरी सांगायचं! मी परकी आहे का? मी केस सेट करून दिले असते."

वन्संनी धाकटीकडे असं बघितलं की तिने चहा जोरजोरात ढवळायला घेतला.

थोरलीचा नवरा खिडकीपाशी उभा होता. सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची आणि हळूहळू घरही म्हणू लागलं होतं. काल रात्री जेवताना "भाऊ काहीतरी म्हणत होता" एवढं एकच वाक्य तो बोलला होता आणि ती "म्हणू दे" म्हणाली होती. आत्ता तो कपातल्या चहाकडे लाकडाची गाठ तपासावी तसा बघत होता.

"कसले फोटो?" उंच खुर्चीतून आईंनी विचारलं. ऑपरेशनला महिना झाला होता आणि चालायचा वॉकर त्यांच्या गुडघ्यांपुढे उभा होता.

"काही नाही, आई," भाऊ आणि वन्सं एका सुरात म्हणाले.

"काही नाही तर मग तांब्या कशाला ठेवलाय वर?"

"त्याला बूद्वार म्हणतात, आई," धाकटी म्हणाली. "ते फोटोवाली काढते ना…"

"बुधवारी काढले? मग रविवारी का बोंबलताय?"

थोरलीला हसू आलं, पण कोणीच हसलं नाही म्हणून तिनेही गिळलं. मग उगाच गिळलं असं वाटलं.

"बुधवार नाही, आई. बायकांनी आपल्याला वाटतं म्हणून, खोलीच्या आत, मोकळ्या कपड्यांत काढून घेतलेले फोटो. त्या फोटोवालीचं प्रदर्शन आहे गुरुवारी, वाचनालयाच्या हॉलमध्ये. दहा बायका आहेत. दहावी मी."

"हॉलमध्ये!" वन्संनी कपाळाला हात लावला. "माझ्या शाळेतले पालक जातात त्या वाचनालयात!"

"आपली गिऱ्हाइकं जातात," भाऊ म्हणाला. "माझं तोंड त्यांना रोज दिसतं, वहिनी. तुमचं काय, तुम्ही मागे बसता."

"पण का?" वन्सं म्हणाल्या. "तू? अगं, आमची वहिनी म्हणजे गाय, असं मी सगळ्यांना सांगते!"

हे खरंच होतं. वन्सं सगळ्यांना असंच सांगत. हॉस्पिटलातही त्यांनी तेच सांगितलं होतं आणि खरं तर सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

आईंच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं होतं, की पुढचं वर्षभर चोवीस तास कोणीतरी लागेल, तर घरात कोण आहे? "वहिनी आहे ना, ती बघेल," वन्सं म्हणाल्या. भाऊने मान डोलावली. मिस्त्रीनेही डोलावली. थोरली फाइल छातीशी धरून त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती, पण मान वळवून तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. ती घरी आली, कुकर लावला आणि तो होईपर्यंत फोटोवालीला फोन केला. फोटोवाली आठवडाभर मागे लागली होती. दहातली एक बाई ऐनवेळी गळाली होती आणि नऊ बायकांचे माउंट कापून देणार असलेल्या काकूंनाच तिने विचारलं होतं. थोरलीने ते तोवर चेष्टेवारी नेलं होतं.

"मला कंटाळा आला होता," आत्ता ती एवढंच म्हणाली.

"कंटाळा आला तर माणूस बाहेर फिरायला जातो," भाऊ म्हणाला.

"कोणासाठी काढलास?"

हा आवाज मिस्त्रीचा होता. सगळे वळले.

"कोणासाठी नाही," ती म्हणाली.

"कोणासाठी नाही म्हणजे? फोटो कोणासाठी तरी असतो. आपल्याकडे येतो तो प्रत्येक फोटो कोणाच्यातरी भिंतीसाठी येतो. प्रदर्शनात लागणार म्हणजे बाहेरच्यांसाठी."

"बाहेरच्यांसाठी नाही. आणि तुमच्यासाठीही नाही."

"माझ्यासाठीही नाही," मिस्त्रीने सावकाश म्हणून पाहिलं.

त्याला लागलं होतं, हे तिला दिसलं. एरवी ती लगेच "तसं नव्हे हो" म्हणून धावली असती. आज जिभेच्या टोकापर्यंत आलेलं ते वाक्य तिने तिथेच थांबवलं आणि ते थांबवणं सोपं गेलं नाही.

"बघू तरी," आई म्हणाल्या.

"आई, तुम्ही नका…" धाकटी म्हणाली.

"माझे डोळे शाबूत आहेत. काढ तो तांब्या."

कोणी काढेना, म्हणून थोरलीनेच काढला. वर्तमानपत्र उचललं आणि फोटो पालटून आईंच्या मांडीवर ठेवला. धाकटी उठून खुर्चीमागे उभी राहिली. वन्सं तोंड फिरवून बसल्या आणि मग तिरक्या नजरेने बघू लागल्या.

फोटोत लोखंडी पलंगावर थोरली गुडघ्यांवर उभी होती. अंगात वाइनच्या रंगाचा रेशमी गाऊन, डाव्या खांद्यावरून पार दंडापर्यंत घसरलेला. एक मांडी उघडी. पांढरे झालेले केस सुटून चेहऱ्यावर आलेले. हे सगळं होतंच. पण फोटोकडे पाहिल्यावर यातलं काहीच आधी दिसत नव्हतं. आधी दिसायचं ते उघडं तोंड, ताणलेली मान आणि समोरच्याच्या छातीवर रोखल्यासारखं बोट. बाई ओरडत होती. अशी ओरडत होती की कागदाला कान लावावासा वाटावा.

आईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग हातभर लांब धरला.

"एवढी कोणावर डाफरतेयस?" आईंनी विचारलं.

थोरली खाली सतरंजीवर बसली. उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"आधी फोटोवालीवर," ती म्हणाली. "पहिला तासभर मी नुसती पोट आत ओढून बसले होते. ती म्हणाली आरामात बसा, तर मी पलंगावरची चादर सारखी केली. तिला विचारलं, तू जेवलीस का. भिंतीवरचं चित्र वाकडं होतं, ते सरळ केलं. मग ती बिचारी म्हणाली, 'काकू, तुम्हाला जसं बसायला आवडतं तसं बसा.' मी पलंगाच्या कडेला बसले. आपण हॉस्पिटलात बसतो ना, कोणी हाक मारली की उठता यावं म्हणून, तसं. ती म्हणाली, 'असं आवडतं?' मी म्हटलं, नाही. 'मग कसं?' आणि मला येईना सांगता. मला कसं बसायला आवडतं, हे मला माहीत नव्हतं, आई. त्रेपन्न वर्षांची बाई मी! मग मला असा संताप आला. म्हटलं, मला काय विचारतेस, मला कोणी कधी विचारलंय का? आणि सुटलेच. आधी तिच्यावर, मग एकेक करून तुम्हां सगळ्यांवर."

"आमच्यावर?" भाऊ म्हणाला. "परक्या बाईसमोर?"

"तुमच्यासमोर जमलं नसतं, भावजी."

"आणि हा काढला तिने?" वन्संनी विचारलं.

"चांगले शांत, पाठमोरे, पडदा धरून उभे असलेलेही आहेत. तिने विचारलं कुठला लावू. मी फोटो बघताना नेहमी आधी पोट बघते, मग दंड, मग हनुवटीखालचं. यात बघायचं विसरले. चेहराच बघत राहिले. ही बाई माझ्या ओळखीची नव्हती. मी तिला जरा घाबरलेसुद्धा. पण आवडली मला ती."

धाकटीने हळूच नाक पुसलं. वन्संनी घड्याळ बघितलं. रडणं सुरू झालं की त्या घड्याळ बघत.

"बरं," त्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या. "झालं ते झालं. तुझं मन मोकळं झालं, चांगलं झालं. तो फोटो प्रदर्शनाला पाठवूच नकोस, नऊ पुरेत त्यांना. आणि आता मुद्द्यावर येऊ. आईचं सगळं सोमवारपासून तू बघायचंस. दुकानाची काळजी करू नकोस, मशीन येतंच आहे."

"कसलं मशीन?"

भाऊने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने खिडकीबाहेर.

"माउंट कापायचं," भाऊ म्हणाला. "संगणकाला जोडायचं. माप टाकलं की आपोआप तिरका काप देतं. आगाऊ सांगून ठेवलंय. म्हणजे तुम्ही सुटलात, वहिनी. दिवसभर वर आईजवळ निवांत."

थोरली उठली. ती कधी उठली हे तिचं तिलाही कळलं नाही.

"निवांत?" ती म्हणाली. "माझं टेबल तुम्ही काढून टाकलंत आणि मला कळतंय ते चहाचे कप गोळा करताना? एकोणतीस वर्षं मी तिथे बसते. हाताने तिरका काप देते, कोपऱ्यात केसाएवढी फट दिसत नाही. बाहेरगावची माणसं तो काप मागत येतात, मागे बसणाऱ्या बाईचा! या घरात सकाळी अकरा ते पाच एवढीच जागा माझी आहे आणि तीही तुम्हाला रिकामी दिसली? वन्सं, तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तुमची शाळा आहे. माझं काय आहे असं वाटतं तुम्हाला? छंद?"

तिचं बोट वन्संच्या छातीवर रोखलेलं होतं. आईंनी मांडीवरच्या फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"तंतोतंत आलाय," त्या म्हणाल्या.

"ओरडू नकोस," मिस्त्री म्हणाला.

"ओरडणार! सोमवार, बुधवार मी बघेन आईंचं. मंगळवार, गुरुवार भावजी आणि धाकटी. शुक्रवार तुम्ही, अहो. रंधा एक दिवस थांबला तर जग बुडत नाही. शनिवार, रविवार वन्सं."

"मी?" भाऊ म्हणाला. "मला काय येतंय त्यातलं?"

"मलाही काही जन्मजात येत नव्हतं."

"आम्ही मंगळवार, गुरुवार करू," धाकटी एकदम म्हणाली.

भाऊने वळून बघितलं. "तू मधे बोलू नकोस."

"का नको? मशीनचं मला कुठे सांगितलंत? आणि ते चालवणार कोण होतं, ते तरी ठरवलं होतंत का? मीच ना?" भाऊने रिकामा कप तोंडाला लावला. म्हणजे तेही ठरलेलं होतं. धाकटी खुर्चीमागून निघाली आणि थोरलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "बघा! ताईंचं टेबल गेलं असतं आणि माझी दुपार."

"मला शनिवारी तपासायचे पेपर असतात," वन्सं म्हणाल्या, पण आवाजातली छडी निम्मी झाली होती. "आई, तूच सांग. तुला वहिनीच हवी ना जवळ?"

आईंनी फोटो टेबलावर ठेवला. सुलटा.

"थोरली दिवसभर नको मला," त्या म्हणाल्या. "पाच-पाच मिनिटांनी येऊन उशी सारखी करते. जीव नकोसा होतो."

थोरलीला हे कुठेतरी टोचलं. महिनाभर रात्री दोनदा उठून ती त्या उशा सारख्या करत होती. पण वाद आपल्या बाजूने लागत असताना तिने ते टोचणं तसंच राहू दिलं.

दुपारी ती खाली गेली तेव्हा बंद दुकानात दिवा लागलेला होता. मिस्त्रीने दहावा फोटो टेबलावर आडवा ठेवून चारी कोपऱ्यांवर लाकडाचे तुकडे ठेवले होते.

"फ्रेमला कुठली पट्टी लावू?" मान वर न करता त्याने विचारलं.

"काळी. अरुंद."

"सोनेरी खुलेल."

"अहो."

"बरं. काळी." त्याने एक पट्टी काढली, त्यावरून हात फिरवला. "तिथे माझ्यावरही ओरडलीस?"

"हो."

"काय म्हणालीस?"

तिला सांगायचं नव्हतं आणि तिने सांगितलं. "म्हटलं, हा माणूस कापायच्या आधी लाकडावरून चार वेळा हात फिरवतो. कुठे गाठ आहे, कुठे रेषा आहे, सगळं बघतो. मला मात्र न बघताच कापतो."

मिस्त्रीचा हात पट्टीवर थांबला.

"मशीनचं मला माहीत होतं," शेवटी तो म्हणाला.

"ते कळलं मला."

"सांगायला हवं होतं."

"हवं होतं."

त्याने करवत घेतली, तिने माउंटचा कागद. संध्याकाळी फ्रेम तयार झाली. चारही कोपरे असे जुळले होते की नख फिरवलं तरी सांधा लागू नये, पण फ्रेम तिच्या हातात देताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. सोमवारी भाऊने फोन करून मशीन नको म्हणून कळवलं आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

गुरुवारी प्रदर्शन झालं. वन्सं आल्या नाहीत. धाकटी दोनदा जाऊन आली. मिस्त्री हॉल बंद व्हायच्या बेतात, अंगावर भुसा तसाच घेऊन आला, सगळ्यांत शेवटी दहाव्या फोटोसमोर उभा राहिला आणि बाहेर पडताना थोरलीला म्हणाला, "मला हे बघायची सवय नाही. लागेल वेळ."

"लागू दे," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दुकानात एक बाई आली आणि भाऊला म्हणाली, "वाचनालयात तो चिडलेल्या बाईचा फोटो आहे, तो तुमच्याकडचा ना?" भाऊ गल्ल्यामागे जेवढा लपता येईल तेवढा लपला. "त्याला आहे तश्शीच काळी पट्टी हवी मला," बाई म्हणाली. "आणि माउंट कापला कोणी? त्यांनीच कापून द्यायचा." दुपारपर्यंत आणखी एक आली. संध्याकाळी भाऊने मिस्त्रीला काळ्या अरुंद पट्टीचा साठा वाढवायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

शनिवारी वन्संची पहिली पाळी होती. साडेदहाला त्या पेपरांचा गठ्ठा आणि फुगलेला चेहरा घेऊन आल्या. अकरा वाजता थोरली खाली आपल्या टेबलाशी बसली. पाती बदलली, मोजपट्टी लावली, पहिला काप घेतला. तोच जिन्यावरून हाक आली.

"वहिनी! आईचा टॉवेल कुठला?"

"निळा," थोरली ओरडली आणि जागची हलली नाही.

"वहिनी! जेवणाआधीची गोळी कुठली? गोल का लांबट?"

"डब्यावर लिहिलंय!"

"वहिनी, हिला उठवताना आधी कुठला पाय पुढे घ्यायचा? वहिनी! ऐकतेस का? इकडे ये बघू एक मिनिट!"

थोरलीने पाती खाली ठेवली. पाय सवयीने स्टुलाखालून निघाले होते, अर्धी उठलीही होती ती. मिस्त्री करवत थांबवून बघत होता, आता ही जाते की बसते. तेवढ्यात वरून दुसरा आवाज आला. म्हातारा, कर्कश आणि इतका वैतागलेला की रस्त्यावरचा माणूसही थबकला असता.

"अगं, तिला काय विचारतेस? मी इथे तुझ्यासमोर बसलेय! माझा खुबा मोडलाय, जीभ नाही!"

थोरली स्टुलावर परत बसली, पाती उचलली आणि तिला असं हसू फुटलं की हातातली पाती निसटून माउंटवर आडवी रेघ ओढून गेली. कागद वाया गेला. तिने तो बाजूला टाकला, नवा घेतला आणि हसू थांबायची वाट न बघता माप घ्यायला लागली.